सव्वीस साखळ्या बारा आण्यांची बोट

आमच्या तालुक्यात आजवर दोनच मोठ्या गोष्टी बुडाल्या. एक पतपेढी आणि दुसरी टायटॅनिक. पतपेढी नेमकी कुठं बुडाली ते अजून कुणाला सापडलेलं नाही. टायटॅनिक मात्र कुठं बुडाली, किती खोल बुडाली, कुठल्या कुशीवर पडली आणि तिच्या चारी बाजूंना कोण कोण कब्जेदार आहेत, हे सगळं आमच्या मोजणीदार काकांनी कागदावर उतरवून, खाली सही करून, तारीख टाकून ठेवलं होतं.

तालुका कोणता ते विचारू नका. लातूरहून नांदेडला जाणाऱ्या बसमध्ये तासाभरानं तुम्हाला जिथं डुलकी लागते, तिथंच डाव्या हाताला आमचं गाव येतं. कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, फ्लेक्स आणि फुकटचे सल्ले. काकांची बोट बुडाली अटलांटिकमध्ये, पण वर आली ती माझ्या मशीनमधून, म्हणून हे सांगायचा हक्क माझाच. मी वाढवून सांगतो अशी माझी ख्याती आहे. ती खरी आहे. पण या माणसाच्या बाबतीत मी वाढवलेलं सगळं आधीच घडून गेलेलं असायचं, त्यामुळं माझी लई पंचाईत व्हायची.

काका मोजणी खात्यात भूकरमापक होते. तेहतीस वर्षं लोकांच्या शेतातून साखळी ओढून ओढून माणूस स्वतःच साखळीसारखा झाला होता: लांब, बारीक आणि चालताना हाडं वाजायची. चालायचेही मोजून. घरापासून महादेवाच्या देवळापर्यंत चारशे अकरा पावलं. मधे कुणी "शरणार्थ काका" म्हणालं तर उत्तर नाही, फक्त एक बोट वर. म्हणजे थांब, आकडा चालू आहे. आकडा चुकलाच, तर घरी परत जाऊन पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या लग्नाची वरात मित्रांनी मुद्दाम बोलबोलून तीन वेळा जानवशाला परत पाठवली आणि मुहूर्त टळला, असं काकू सांगायच्या. आणि काकू खोटं बोलत नसत. ते खातं गावानं माझ्याकडं दिलंय.

जेवायला बसले की भाकरी मोडायच्या आधी तिची चतुःसीमा बघायचे. पूर्वेस ठेचा, पश्चिमेस पिठलं, दक्षिणेस कांदा, उत्तरेस काकू. मग घास. कुणाच्या लग्नात गेले तर अक्षता टाकायच्या आधी सांगणार, "मांडव शेजाऱ्याच्या जागेत दीड फूट गेलाय, लिहून घ्या." जगातल्या सगळ्या भांडणांचं त्यांच्याकडं एकच निदान होतं: "हद्द कायम केलेली न्हाई." अमेरिका असो, सासू-सून असो, नाहीतर माझ्या फाटकापुढं झोपणारी कुत्री असोत.

समुद्र म्हणाल तर त्यांनी पाहिलेला नव्हता. पाण्याशी तसं कुणाचंच फार येणंजाणं नाही आमच्याकडं. ज्या जिल्ह्यात एका उन्हाळ्यात पिण्याचं पाणी रेल्वेत बसून आलं आणि लोक स्टेशनवर त्याला हार घालायला गेले, तिथं समुद्राचं काय घेऊन बसलात? वरून काकांना गाडी लागायची. लातूरपर्यंत यष्टीत जायचं तर दोन लिंबं हुंगत. अशा माणसाच्या नशिबात देवानं बोट लिहिली.

ती आली भज्यांच्या कागदावरून. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. तेलानं पारदर्शक झालेला पेपरचा तुकडा घेऊन काका दुकानात शिरले.

"ह्याची झेरॉक्स काढ."

"काका, मशीनला तेल लागंल."

"लागू दे. गुन्हा हाय हा, गुन्हा!"

मी वाचलं. टायटॅनिक बुडताना तिनं बिनतारी यंत्रावरून आपलं ठिकाण कळवलं होतं. सत्तरवर वर्षांनी समुद्राच्या तळाशी सांगाडा सापडला, तर तो त्या ठिकाणापासून तेरा सागरी मैल लांब.

"तेरा मैल!" काका ओरडले. "आमच्याकडं बांध वीतभर सरकला तर कुऱ्हाडी निघत्यात. आन् ह्यांनी बुडताना पत्ताच चुकीचा दिला!"

"काका, घाई असंल हो."

"घाईत मानूस बायकोचं नाव चुकंल. गट नंबर कसा चुकंल?"

त्या दिवशी काकांनी ती केस घेतली. कुणी दिली नव्हती, तरी घेतली.

एकदाच सरळ सांगतो, मग पुन्हा वाकड्यात शिरू. किल्लारीच्या भूकंपानंतर काकांना तिकडं ड्युटीवर पाठवलं होतं. पडलेल्या गावात कुणाचं घर कुठं होतं ते टिपायचं काम. भिंती नाहीत, गल्ली नाही, सगळा दगडांचा ढीग. एक म्हातारी ढिगावर चढून एका जागी बसली आणि म्हणाली, "हितं माझी चूल होती." काकांनी विचारलं, कशावरून? म्हातारी म्हणाली, "हितं बसलं की उजव्या हाताला लिंब दिसायचा." लिंब उभा होता. काकांनी लिंबापासून साखळी लावली आणि कागदावर चूल दाखवली. असला नकाशा काढायचा नियम नव्हता. साहेबांनी चूल खोडायला सांगितली, काकांनी खोडली नाही. ते म्हणायचे, "उभ्या गावाचा नकाशा कुनी बी काढतंय. पडलेल्याचा नकाशा काढनं, ही मोजनी." मला वाटतं भज्यांचा कागद त्या चुलीवरच येऊन पडला.

झालं. मी इंटरनेटवरून उतरवून द्यायचो आणि काका घरी नेऊन मांडायचे. महिन्याभरात त्यांच्या बैठकीची भिंत गेली. मग माजघराची गेली. अकरा शीट जोडून बोटीचा सांगाडा: नाकाकडचा अर्धा तुकडा एकीकडं, शेपटाकडचा तुकडा तिथून अर्ध्या किलोमीटरपेक्षा लांब, आणि त्याचं तोंड उलट्या दिशेला.

"वाटनी झाली हिची," काका म्हणाले. "दोन भाऊ. तोंडं बघ. एकाचं इकडं, एकाचं तिकडं. मधी सांडलेली भांडीकुंडी." त्या भांड्याकुंड्यांच्या पट्ट्याला त्यांनी पोटखराबा लावला होता. शेतात जी जागा पिकत नाही तिला सातबाऱ्यावर तसंच लिहितात.

सातबारा तर केलाच होता. पीक: काही नाही. जलसिंचनाचे साधन: भरपूर. इतर हक्क: मासे. खोली अडीच मैलांच्या आतबाहेर. मी म्हणालो, "काका, एवढं खोल गेलं तरी लातुरात बोअरला पानी लागायचं न्हाई." त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात तेही लिहून ठेवलं.

शेजारणी काकूंना विचारायच्या, "काका दिवसभर काय करत्यात हो?" काकू शांतपणे सांगायच्या, "त्यांची बोट बुडाली. हुडकून राहिले."

मग एका दुपारी बोटीची लांबी हाती लागली. आठशे ब्याऐंशी फूट नऊ इंच. काकांनी माझ्या काउंटरवर, एका गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाच्या झेरॉक्सवर हिशोब मांडला. आमच्याकडची जुनी मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, आणि साखळीचे आणे सोळा. काकांचा पेन थांबला. त्यांनी पुन्हा मांडलं. मग ते टेबलावर चढले नाहीत एवढंच.

"सव्वीस साखळ्या बारा आने! बरोब्बर! एक दोरा इकडं न्हाई, एक दोरा तिकडं न्हाई!"

मी कॅल्क्युलेटरवर पाहिलं. खरंच बरोब्बर. विश्वास नसेल तर तुम्हीही मांडा, मी थांबतो.

"इंग्रजांनी आपल्या साखळीनं मोजून बांधली बोट," काका म्हणाले. "निजामाच्या कचेरीतून नेली आसनार साखळी."

"निजामानं दिली?"

"दिली. वापस करायची राहिली."

त्या दिवसापासून बोट परकी राहिली नाही. आता ती आमच्या शिवारातली झाली होती, आणि म्हणून काकांनी ठरवलं की कागदावर भागायचं नाही. मोजणीचा कायदाच आहे: नुसता नकाशा काढून चालत नाही, जागेवर जाऊन खुणा दाखवाव्या लागतात. बोट जमिनीवर आखायची. पूर्ण मापाची. फक्कीनं, क्रिकेटच्या मैदानाला मारतात त्या पांढऱ्या भुकटीनं.

एवढं सपाट, लांब रान गावात एकच होतं. आणि ते दोघांचं होतं.

शिवाप्पा थोरले, मल्लाप्पा धाकटे. सख्खे भाऊ. सात वर्षांपूर्वी वाटणी झाली, तेव्हा मोजणीला आमचे काकाच होते. कचेरीत नवी मशीन आली होती, पण ती चालवणारा ट्रेनिंगला गेला होता तो अजून यायचाय. म्हणून काकांनी साखळीनं मोजलं. नोकरीतली शेवटची मोजणी. सडकेपासून वीस साखळ्या थोरल्याचं, तिथं हद्दीचा दगड, पुढचं धाकट्याचं. पुढच्याच उन्हाळ्यात मल्लाप्पांनी दगडाला चिकटून, आपल्या बाजूला, बोअर मारला आणि पाणी असं उडालं की म्हणे वरून जाणारा बगळा भिजला. शिवाप्पांनी आपल्या रानात चार बोअर मारले. चारांतून धूळ आली. तेव्हापासून शिवाप्पा एकच वाक्य बोलायचे, "दगड चुकीचा हाय. बोअर माझ्यात हाय." ऐकणारे हसायचे. कारण दगड मोजणीदार काकांचा होता. तेहतीस वर्षांत काकांच्या मोजणीवरचं एक अपील टिकलं नव्हतं. काका म्हणायचे, "एक वेळ सूर्य चुकंल." गावानं शिवाप्पांचं नाव दगडाप्पा ठेवलं. भाऊ भावाशी बोलेनासा झाला. सात वर्षं, एक शब्द नाही.

आता बोट सडकेपासून चार साखळ्या आत सुरू व्हायची, थोरल्याच्या रानातून बांध ओलांडून धाकट्याच्या रानात संपायची. दोघांची संमती पाहिजे. काकांनी रीतसर नोटिसा काढल्या, माझ्याच दुकानात. दोघं भाऊ दुकानात समोरासमोर आले, आणि एकमेकांकडं पाठ करून मला साक्षीदार धरून बोलू लागले.

"नाक कुनाच्या रानात?" मल्लाप्पांनी मला विचारलं.

"थोरल्याच्या," काका म्हणाले.

"मग मी न्हाई देत रान. मला काय शेपूट?"

"इंजनं तुझ्याकडं."

मल्लाप्पा विचारात पडले. "धुरांडी किती हायत?"

"चार. तीन त्यांच्याकडं, एक तुझ्याकडं."

"दोन-दोन करा की!"

"अरे बोट हाय ती, बैलजोडी न्हाई!"

शिवाप्पांनी नोटीस घडी करून खिशात घातली. ते म्हणाले, "माझ्या बांधावरून साखळी जानार असंल तर मी रान देतो. बाकी मला नाक-शेपूट काय बी नको."

आम्ही हसलो. काकाही हसले. ते हसू मला नंतर लई जड गेलं.

हरभरा निघाला होता, रान मोकळं होतं. सकाळी सातलाच अर्धं गाव आलं. कुणीतरी चहाचा हंडा आणला, कुणी भोंगा. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. निवृत्तीच्या वेळी कचेरीनं जुन्या साखळ्या भंगारात काढल्या, तेव्हा काकांनी आपली साखळी परत विकत घेतली होती. खांद्यावर ती. आधी पुकारा. रीतच आहे: संबंधितांना तीनदा हाक मारल्याशिवाय मोजणी सुरू होत नाही.

"बोटीवरचे कोनी हाजर हाय का? हाजर हाय का? हाजर हाय का?"

हसत होतो, पण तिसऱ्या हाकेला सगळ्यांनी कान दिले. कुणी ओ देतंय का, असंच दोन क्षण वाटलं. मग काकांनी वहीत लिहिलं, "गैरहजर," आणि साखळी सोडली.

दहा वाजेपर्यंत बोट उभी राहिली. म्हणजे आडवी पडली. आमच्या लोकांनी ती ताबडतोब ताब्यात घेतली. बाया पहिल्या वर्गात जाऊन बसल्या. एकानं विचारलं, "जनरल डबा कुठं हाय?" दुसरा म्हणाला, "कुठं बी आसू दे, आपन दारात लटकनार." माजी सरपंच थेट कप्तानाच्या जागी जाऊन उभे राहिले, आणि त्यांना बघून तीन माणसं म्हणाली, "मग बुडनारच."

आता यात माझं पाप असं की मला फ्लेक्स छापायचा होता. गावच्या बोटीचा. फुटांत लांबी टाकावी म्हणून मी दुकानातली फायबरची टेप घेऊन गेलो होतो. दोन पोरं धरली आणि नाकापासून शेपटापर्यंत मोजलं. आठशे एकोणसत्तर फूट आणि वर चार-साडेचार इंच.

"काका," मी भोंग्यावरून ओरडलो, "बोट तेरा फूट आटली!"

गाव खदाखदा हसलं. "पान्यात होती ना, आटनारच!" "सुती आसंल!"

"टेप चायनाची हाय तुझी," काका म्हणाले. पण आले. आम्ही पुन्हा मोजलं. तेवढंच. मल्लाप्पांनी घराच्या बांधकामाची आपली लोखंडी टेप आणली. तिनंही तेवढंच. मग काकांनी साखळी जमिनीवर सरळ पसरली, आणि तिच्याशेजारी टेप.

साडेबत्तीस फूट.

काकांनी साखळी हातात घेतली आणि कडीकडीवरून अंगठा फिरवत निघाले. मधे एका जागी अंगठा थांबला. तिथं लोहाराचा सांधा होता. ते बांधावर बसले.

लोकांना वाटलं, बोटीचं दुःख झालं. कुणीतरी चहा आणून दिला. मी शेजारी बसलो तर ते बोटीकडं बघतच नव्हते. चार पावलांवरच्या हद्दीच्या दगडाकडं बघत होते.

"कधी तुटली होती साखळी?" मी हळू विचारलं.

"ह्यांच्या मोजनीच्या आदल्या दिशी. लोहारानं एक कडी गाळून सांधली."

"मग तपासली न्हाई?"

"कचेरीच्या आवारात माप घ्यायच्या दोन खुना हायत. सांधली की तिथं लावून बघायची, आसा नेम हाय. तेहतीस वर्षं पाळला." त्यांनी सांधा पुन्हा चाचपला. "त्या दिशी एका खुनेवर साहेबांची जीप उभी होती. म्हनलं, उद्या बघू."

मी मनात गुणाकार केला. साखळीमागं अर्धा फूट. सडकेपासून दगड वीस साखळ्या. दहा फूट. शिवाप्पांचे दहा फूट, आणि त्या दहा फुटांत बोअर.

"काका," मी म्हणालो, "उठा. ऊन लागून राहिलं. मी सांगतो लोकांना, माझी टेप खराब हाय म्हनून."

"तू सांगशील रे," काका म्हणाले. "तुझ्यावर इस्वास कोन ठिवतंय?"

तीन दिवस काका दिसले नाहीत. काकू दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "भाकरी सरळ मोडून खायलेत. बगतच न्हाईत तिच्याकडं." तेव्हा मला खरी भीती वाटली.

आता बघा, या गोष्टीत काकांना बोलायची काहीच सक्ती नव्हती. साखळीचं गणित गावात कुणी घातलं नव्हतं. बोट तेरा फुटांनी आटल्याचा विनोद पुढच्या बाजारापर्यंत चालला असता, मग कुणाचीतरी म्हैस पळाली असती आणि विषय संपला असता. बोलले तर तेहतीस वर्षांचं नाव जाणार, मल्लाप्पांचं पाणी जाणार. न बोलले तर फक्त शिवाप्पा वेडे राहणार, आणि ते तर सात वर्षं होतेच. मी हे सगळं काकांना समजावायची तयारी करून ठेवली होती.

चौथ्या दिवशी ते आले. हातात मजकूर. "हे टाइप कर. स्टॅम्प पेपरवर."

"मशीन बंद हाय काका."

"लाइट दिसून राहिली."

मी टाइप केलं. दोन्ही भावांना नोटीस. खाली मोजणी करणाराचं नाव लिहितात तिथं काकांनी आपलं नाव घातलं होतं, आणि पुढं कंसात: चूक करणारा.

मोजणीच्या दिवशी गर्दी कमी होती. टेप माझीच. सडकेपासून सहाशे साठ फूट. जिथं संपलं तिथं काकांनी खुंटी मारली. जुन्या दगडापासून दहा फूट पुढं. बोअर दोन्हींच्या मधे.

काकांनी टोपी काढली. "मोजनी माझी चुकली," म्हणाले. "शिवाप्पा खरं बोलत होते. बाकीचं गाव खोटं, आन् त्यात मी पयला."

मल्लाप्पांचा चेहरा वांग्यासारखा झाला. "आता सांगून राहिले? सात वर्षांनी? काका, तुमच्या दगडाला मी नारळ फोडला! त्या पान्यावर ऊस लावला, पोरीचं लगीन केलं. तवा कुठं गेल्ती तुमची अक्कल?"

"भंगारात," काका म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

मल्लाप्पा पाय आपटत निघून गेले. आम्हाला वाटलं शिवाप्पा आता पेढे वाटणार. ते तिथंच उभे. मग काकांना म्हणाले, "दगडाप्पा म्हनत होतं मला गाव. लेकराच्या सोयरिकीत बी म्हनले. तवा तुमी बी हसला होता."

"हाव," काका म्हणाले. "हसलो होतो."

शिवाप्पांनी मान हलवली आणि तेही गेले. दुसरीकडं.

तुम्हाला वाटेल खरं सांगितल्यावर सगळं गोड झालं. आमच्याकडं तसं होत नाही. जुना दगड कुणी काढला नाही आणि नवी खुंटीही कुणी उपटली नाही. मधल्या दहा फुटांत कुणी नांगर घालेना. बोअरची मोटर मल्लाप्पा रागानं चालू करीनात आणि शिवाप्पा मानानं. आधी निदान एकाला तरी पाणी होतं. सत्य कळल्यावर दोघांनाही नाही.

आणि काकांच्या दारात रांग लागली. तालुक्यात ज्याच्या म्हणून ज्याच्या बांधाचा निकाल उलटा गेला होता, ते सगळे आले. "आमची बी चुकली आसंल की!" एक जण हदगावहून आला, त्याच्या गावात काकांनी उभ्या जन्मात पाय ठेवला नव्हता. पासष्ट वर्षांचा माणूस माझी टेप घेऊन उन्हातान्हात फिरला. जिथं जिथं फिरला तिथं जुनी मोजणी इंचाला इंच बरोबर निघाली, आणि बरोबर निघाल्याबद्दल प्रत्येक ठिकाणी शिव्या खाऊन आला.

"काय मिळालं काका खरं सांगून?" एकदा मी चिडूनच विचारलं. "दोघांचं रान वाळून राहिलं. तुमचं नाव गेलं."

काका माजघरातल्या भिंतीसमोर उभे होते, शेपटाकडच्या शीटवर काहीतरी दुरुस्त करत. मागं न बघता म्हणाले, "बोट सापडली तवा कोनी वाचलं का त्याच्यानं? एक बी न्हाई. पन ठिकान खरं लागलं."

श्रावण सरता सरता काका गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत.

आम्हा लिंगायतांत दहन नसतं. माणसाला विभूती लावून, बसवून मातीत ठेवतात. खड्ड्याचं माप फुटात नसतं. ज्याच्या त्याच्या पावलाचं असतं. पावलाएवढी दोरी कापायची आणि तिनं चारी बाजू नऊ-नऊ पावलं आखायच्या. मी काकांच्या पावलाची दोरी घेऊन मळ्यात पोचलो, तर शिवाप्पा आधीच फावडं घेऊन उभे. पाच मिनिटांत दुसऱ्या अंगानं मल्लाप्पा आले, खांद्यावर कुदळ. बाकीचे आपोआप मागं सरकले.

दोरी शिवाप्पांनी घेतली. खाली वाकून एकेक पाऊल ठेवत गेले. "नऊ झाली."

मल्लाप्पा मला म्हणाले, "त्यांना सांग, दोरी ढिली धरली हाय. पावनेनऊ बी न्हाईत."

शिवाप्पा मला म्हणाले, "त्याला सांग, एवढं कळतंय तर येऊन टोक धर."

मी तोंड उघडायच्या आतच मल्लाप्पा दोन पावलं पुढं आले, बसले आणि दोरीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी ताणली. पहिली बाजू झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. ऊन चढत होतं. विधीला आलेले स्वामी सावलीतून म्हणाले, "अहो, चालतंय वीतभर इकडं-तिकडं. शेवटी मातीच लोटायची हाय."

"चालत न्हाई, स्वामी!" दोघं एकदमच बोलले.

मग दोघंही जरा दचकले. चौथी बाजू इंचभर कमी भरली. मल्लाप्पांनी कुदळ भावापुढं धरली.

"अण्णा," ते म्हणाले, "तुमच्या अंगानं इंचभर वाढवून काढा."

शिवाप्पांनी काढली. मग त्यांनी पुन्हा चारी बाजू मोजल्या.